शेत एकाचं, हरीण सगळ्यांचं: अमेरिकेतली धनुष्यबाणाची शिकार समजून घेताना

आयोवा, इलिनॉय, विस्कॉन्सिन, मिसूरी अशा अमेरिकेच्या मध्यपश्चिम राज्यांत नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी माणसाला पहिल्याच ऑक्टोबरात एक गोष्ट चक्रावून टाकते. ऑफिसातला कधी आवाज न चढवणारा सहकारी शुक्रवारी दुपारी सहज सांगतो, की उद्या-परवा तो धनुष्य घेऊन एका झाडावर बसणार आहे. झाड त्याचं नाही, शेतही त्याचं नाही. बहुतेक वेळा तो रिकाम्या हातानं परत येतो आणि तरी खूश असतो. कधीतरी सोमवारी जेवणाच्या सुट्टीत हरणाचं मांस हवंय का, असंही विचारतो.

काळवीट मारल्याबद्दल वर्षानुवर्षं कोर्टाच्या खेपा घालाव्या लागतात अशा देशातून आलेल्या आपल्याला हे पचत नाही. जिथे बंदूक सहज मिळते तिथे बाण कशाला? जंगल सोडून शेतात शिकार कशी? शेतकरी परक्या माणसाला बांधावर येऊ कसा देतो? मी शिकार करत नाही आणि करायची इच्छाही नाही. पण हा प्रकार दिसतो तितका रानटी नाही आणि त्याचे भक्त सांगतात तितका उदात्तही नाही. मुळात तो शेतकरी, शिकारी आणि सरकार यांच्यातला एक व्यवहार आहे, आणि तो कुठे अडतो हे पाहणं जास्त उद्बोधक आहे.

हरीण नेमकं कोणाचं?

इंग्लंडात शिकारीचा हक्क पिढ्यान्‌पिढ्या राजाचा आणि जमीनदारांचा होता. अमेरिकेनं ती रीत नाकारली. तिथे रानातला प्राणी कोणाच्याही खासगी मालकीचा नसतो. तो जनतेचा, आणि राज्य सरकार त्याचा विश्वस्त. जमीन मात्र पक्की खासगी. आयोवात तर जवळजवळ सगळी जमीन खासगीच आहे. शेतातून वाहणाऱ्या ओढ्यासारखं हे आहे: काठ तुमचा, तिथे कोणाला उतरू द्यायचं ते तुम्ही ठरवणार, पण पाणी वरच्या शेतातून आलंय, खालच्या शेतात जाणार आहे, ते काही तुमच्या सातबाऱ्यावर चढत नाही.

म्हणून शिकाऱ्याला दोन परवानग्या लागतात, हरणासाठी सरकारची आणि जमिनीसाठी शेतकऱ्याची. सरकारच्या परवान्याबरोबर 'टॅग' मिळतो, म्हणजे एका हरणापुरती चिठ्ठी. हरीण पडलं की ती त्याच्या अंगावर बांधायची आणि ठरलेल्या मुदतीत सरकारला कळवायचं. टॅग संपले की शिकार संपली, समोर शंभर हरणं चरत असली तरी.

आयोवात बाहेरच्या राज्यातल्या शिकाऱ्यांसाठी नर किंवा मादी कुठलंही एक हरीण मारायचे फक्त ६,००० परवाने असतात आणि तेही सोडतीनं मिळतात. शिकागोतल्या एखाद्या डॉक्टरनं आयोवात दोनशे एकर विकत घेतले, तरी तो आयोवाचा रहिवासी नसेल तर त्याला सोडतीच्या रांगेत उभं राहावं लागतं. स्वतःच्या शेतात, स्वतःच्या झाडावर बसायलासुद्धा! अशा जमीनमालकांनी यावरून बरीच आदळआपट केली आहे, पण नियम टिकून आहे.

उलट बाजूही तितकीच कडक. खिशात टॅग असला म्हणून कोणाच्या शेतात शिरता येत नाही. मिसूरीत १९९३ पासून झाडावर किंवा कुंपणाच्या खांबावर जांभळ्या रंगाचा पट्टा ओढला, की तो 'प्रवेश बंद'च्या पाटीइतकाच कायदेशीर धरतात.

एवढी हरणं आली कुठून?

हे हरीण म्हणजे व्हाइटटेल, पांढऱ्या शेपटीचं. घाबरलं की शेपटी उभारून आतली पांढरी बाजू दाखवत पळतं. साधारण १९०० च्या सुमाराला संपूर्ण अमेरिकेत ती तीन ते पाच लाखच उरली होती, असा अंदाज आहे. कातडं आणि मांस विकण्यासाठी बेसुमार कत्तल झाली होती. आयोवानं १८९८ मध्ये हरणांची शिकार बंदच केली, कारण मारायला काही उरलं नव्हतं. १९०० च्या लेसी कायद्यानं एका राज्यात बेकायदा मारलेला प्राणी दुसऱ्या राज्यात नेऊन विकणं हा केंद्रीय गुन्हा ठरवला. आयोवात शिकार पुन्हा सुरू व्हायला १९५३ उजाडलं.

आज देशभरात सुमारे तीन कोटी व्हाइटटेल आहेत. या उलथापालथीमागे कायदा आहेच, पण त्याहून जास्त शेती आहे. हे घनदाट जंगलाचं जनावर नव्हे, रानाच्या कडेचं आहे. एका बाजूला लपायला झाडी आणि दुसऱ्या बाजूला चरायला मोकळी जागा, एवढं मिळालं की ते सुखी. मध्यपश्चिमेच्या शेतकऱ्यांनी नेमकं तेच तयार करून ठेवलं: मैलोन्‌मैल मका आणि सोयाबीन, मध्ये ओढ्याकाठी झाडीचा पट्टा. उन्हाळ्यात सोयाबीनचा कोवळा पाला, पुढे ओकची फळं, कापणीनंतर शेतात सांडलेला मका. लांडगे आणि प्यूमा तर माणसानं शंभर वर्षांपूर्वीच संपवले होते. धष्टपुष्ट मादीला बहुधा जुळं होतं. मारणारं कोणी नसेल, तर दोन-तीन वर्षांत कळप दुप्पट होऊ शकतो.

त्याची किंमत शेतकरी पिकात मोजतो आणि बाकीचे रस्त्यावर. विमा कंपन्यांच्या अंदाजानुसार हरणांच्या धडकेचे दरवर्षी दहा लाखांहून जास्त दावे येतात. नोव्हेंबरात संध्याकाळी तिकडे गाडी चालवलेल्या कोणालाही हा आकडा फुगवलेला वाटणार नाही.

हे सगळं सांभाळायला पैसा कुठून येतो, याचं उत्तर मला सगळ्यात अनपेक्षित वाटलं. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के केंद्रीय कर लागतो. तो पैसा राज्यांना वन्यजीवांच्या कामासाठीच वाटला जातो. १९७२ मध्ये धनुष्यं आणि बाणांचं सामानही त्यात आलं. शिकाऱ्यांचा परवाना शुल्काचा पैसा वेगळाच.

बंदूक असताना बाण कशाला?

पहिलं कारण व्यवहाराचं. आयोवात धनुष्याचा हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होतो आणि डिसेंबर लागेपर्यंत चालतो. बंदुकीचे मुख्य हंगाम डिसेंबरात असतात आणि ते मोजक्या दिवसांचे. हरणांचा माजाचा काळ मात्र नोव्हेंबरच्या मध्यावर शिगेला पोचतो. एरवी अंधारातच बाहेर पडणारा सावध, थोराड नर त्या दिवसांत मादीच्या वासामागे भर दुपारी उघड्यावर येतो. म्हणजे वर्षातले सगळ्यात चांगले दिवस धनुष्यवाल्यांच्या वाट्याला येतात. बाणानं हरणं कमीच मरतात, म्हणून सरकारला एवढा लांब हंगाम देणं परवडतं.

दुसरं कारण शेजाऱ्यांचं. रायफलची गोळी चुकली तर किलोमीटरभर किंवा त्याहूनही पुढे जाऊ शकते. झाडावरून खाली सोडलेला बाण चुकला तर समोरच्या मातीत रुततो. त्यामुळे सीडर रॅपिड्स, डब्यूक अशा शहरांनी नेमून दिलेल्या भागांत शहराच्या हद्दीतही धनुष्यानं शिकारीला परवानगी दिली आहे.

तिसरं कारण आवडीचं, आणि त्याच्यामागे एक करुण गोष्ट आहे. कॅलिफोर्नियात १९११ मध्ये 'याही' नावाच्या आदिवासी जमातीचा शेवटचा माणूस रानातून बाहेर आला. त्याची सगळी माणसं कत्तलीत आणि उपासमारीत गेली होती. त्याला लोक इशी म्हणत. सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात राहत असताना त्यानं सॅक्स्टन पोप नावाच्या डॉक्टरला धनुष्य बनवायला आणि शिकार करायला शिकवलं. १९१६ मध्ये इशी क्षयानं गेला. पोपनं आणि त्याचा मित्र आर्थर यंगनं ती विद्या गोऱ्या अमेरिकेत पसरवली. १९३४ मध्ये विस्कॉन्सिननं खास धनुष्यबाणासाठी हरणांचा हंगाम ठेवला. आज जे लोक याला 'आपल्या पूर्वजांची परंपरा' म्हणतात, त्यांतल्या अनेकांना ती कोणाच्या पूर्वजांकडून आली हे ठाऊक नसतं.

आजचं धनुष्य मात्र इशीनं ओळखलंही नसतं. बहुतेक जण कंपाउंड धनुष्य वापरतात. मिसूरीतल्या हॉलेस विल्बर ॲलन यांना त्याचं पेटंट १९६९ मध्ये मिळालं. याच्या दोन्ही टोकांना कॅम, म्हणजे लंबगोल चाकं असतात. दोरी ओढायला लागलं की ताण चढत जातो, समजा ६० पौंड, म्हणजे २७ किलो. पण चाकं पूर्ण फिरली की तो एकदम पाऊणपट ते ८० टक्के उतरतो आणि हातावर पाच-सात किलोच उरतात. साध्या धनुष्याची दोरी पूर्ण ताणून काही सेकंदच धरता येते. इथे हरीण बुंध्याआडून बाहेर येईपर्यंत मिनिटभर थांबता येतं.

तरीही सरावलेले शिकारी २० ते ३० यार्डांपलीकडे, म्हणजे साधारण १८ ते २७ मीटरपलीकडे, बाण सोडत नाहीत. नेम लागणार नाही म्हणून नव्हे. मैदानात हेच लोक दुप्पट अंतरावरून बशीएवढ्या निशाणावर बाण लावतात. अडचण आवाजाची आहे. चांगला बाण सेकंदाला ८५ मीटरच्या आसपास जातो आणि आवाज ३४० मीटर. १८ मीटरवर बाण पोचायला ०.२१ सेकंद लागतो, तर दोरीचा टणत्कार ०.०५ सेकंदात पोचतो. हरणाला ०.१६ सेकंद मिळतो. अंतर दुप्पट केलं की हाच वेळ दुप्पट होतो. दचकलेलं हरीण उडी मारण्याआधी पाय दुमडून खाली बसतं. तेवढ्या अवधीत छातीच्या जागी पाठ येते, आणि बाण नको तिथे लागतो.

गोळीसारखा बाण धक्क्यानं मारत नाही. त्याच्या टोकाला ब्रॉडहेड असतं, दाढीच्या पात्यासारख्या धारदार पात्यांचं टोक. ते खांद्याच्या मागे दोन्ही फुप्फुसांतून गेलं तर रक्तस्राव इतका जोरात होतो, की हरीण काही सेकंदांत, बहुधा शंभरेक मीटरच्या आत कोसळतं. यासाठी ते आडवं किंवा किंचित पाठ करून उभं असावं लागतं. समोर तोंड किंवा सरळ पाठ असेल, तर बाण सोडायचा नाही, हा यातला पहिला धडा. न सोडलेल्या बाणांची संख्या सोडलेल्या बाणांपेक्षा कितीतरी जास्त असते.

झाडावर कशासाठी चढायचं?

अठरा मीटरपर्यंत हरीण येऊ द्यायचं, तर त्याच्या नाकाला चुकवावं लागतं. ट्री-स्टँड, म्हणजे बुंध्याला पट्ट्यानं आवळलेलं छोटं लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचं मचाण, मुख्यतः त्यासाठी. जमिनीपासून १५ ते २० फुटांवर माणूस हरणाच्या सरळ नजरेत राहत नाही आणि त्याचा वास काही वेळा हरणाच्या डोक्यावरून निघून जातो. शिडीचं, बुंध्याला टांगायचं आणि बुंध्यावर सरकत चढायचं, असे त्याचे तीन मुख्य प्रकार. याहून उंच बसलं तर बाण इतका तिरका जातो, की दोन्ही फुप्फुसं एका रेषेत सापडत नाहीत. म्हणजे उंचीचाही हिशेब आहे.

नजरेची गोष्ट मजेशीर आहे. हरणाला लाल-केशरी रंग नीट ओळखू येत नाहीत, निळा मात्र छान दिसतो. म्हणून बंदुकीच्या हंगामात एकमेकांना दिसावं म्हणून शिकारी भडक केशरी जाकीट घालतात आणि हरणाला त्याचं काही वाटत नाही. निळी जीन घालून मचाणावर बसणं मात्र वेडेपणा.

वाऱ्याला पर्याय नाही. हरणं जिथून येणार त्या दिशेला वारा वाहत असेल, तर जाणता शिकारी घरीच थांबतो. शिवाय सकाळी जमीन तापली की हवा चढणीकडे सरकते, संध्याकाळी गार होऊन ओढ्याकडे उतरते. म्हणून एकाच शेतावर दोन-तीन ठिकाणी मचाणं बांधलेली असतात आणि कुठल्या वाऱ्याला कुठलं, हे ठरलेलं असतं. जागा निवडताना बघतात ती शेताची ठेवण: दोन झाडीपट्ट्यांना जोडणारी चिंचोळी वाट, कुंपणातली पडकी जागा, ओढ्याचा उतार. उभा मका हा सगळ्यात मोठा अडथळा, कारण त्यात हरणांचा अख्खा कळप गडप होतो. हार्वेस्टर फिरला, की तीच हरणं झाडीकडे सरकतात. त्यामुळे शेजारचा मका कधी निघणार, याची शेतकऱ्याहून जास्त चौकशी शिकारीच करत असतो.

जिवाला खरा धोका असतो तो पडण्याचा. मचाणावरून पडणं हे तिथल्या शिकारीतल्या अपघातांचं एक प्रमुख कारण आहे, आणि बहुतेक जण बसलेले असताना नव्हे, चढता-उतरताना, पायरीवरून मचाणावर पाय टाकताना पडतात. पहाटेचा अंधार, बोचरी थंडी, जाड बूट, आणि वर्षभर बाहेर राहिल्यामुळे ऊन खाल्लेला किंवा खारीनं कुरतडलेला पट्टा. म्हणून जमिनीवर असतानाच हार्नेस, म्हणजे झाडाला जोडायचा अंगभर सुरक्षा पट्टा, अडकवायचा, धनुष्य नंतर दोरीनं वर ओढायचं, कुठे बसलोय ते घरी सांगून ठेवायचं. हार्नेसनं पडणं थोपवलं तरी सुटका झाली असं नाही. लोंबकळत राहिलं की मांड्यांवरचे पट्टे रक्त अडवतात आणि शुद्ध हरपू शकते. त्यासाठी पाय टेकवायला दोरीचा फास जवळ ठेवतात.

मादी की शिंगवाला नर?

आता व्यवहार जिथे अडतो तिथे येऊ. शेतकऱ्याला शेतात हरणं कमी हवीत. शिकाऱ्याला, सगळ्यांना नाही पण पुष्कळांना, मोठ्या शिंगांचा नर हवा. या दोन गोष्टी एक नाहीत.

एक नर अनेक माद्यांना पुरतो. शेतातले निम्मे नर मारले तरी पुढच्या उन्हाळ्यात पाडसं जवळजवळ तेवढीच जन्मतात. कळप कमी करायचा तर माद्या माराव्या लागतात. मादीला शिंगं नसतात, भिंतीवर लावायला काही मिळत नाही. नराची शिंगं दर हिवाळ्यात गळतात आणि वसंतात नव्यानं फुटतात. पाच-सहा वर्षांच्या नराची सगळ्यात भरदार. ती इंचांत मोजून नोंदवणारी पोप अँड यंग क्लब नावाची संस्था १९६१ पासून आहे. नोंदीसाठी व्हाइटटेलच्या नेहमीच्या घडणीच्या शिंगांची सगळी मापं मिळून किमान १२५ इंच भरावी लागतात. असा नर मिळावा म्हणून लोक लहान नरांना वर्षानुवर्षं सोडून देतात, माद्यांकडे बघतही नाहीत, आणि मग हरणांची संख्या ताब्यात ठेवतो आम्हीच, असंही म्हणतात. शिकारीच्या बाजूनं केल्या जाणाऱ्या युक्तिवादातला सगळ्यात पोकळ भाग मला हाच वाटतो.

विस्कॉन्सिननं यावर सरळ उपाय केला होता. १९९६ पासून काही भागांत नियम आला: आधी मादी मारून दाखवा, मगच नराचा टॅग मिळेल. कळप कमी करण्यात तो उपयोगी पडला आणि शिकाऱ्यांत प्रचंड अप्रिय झाला. २०११ मध्ये विधिमंडळानं तो रद्द केला. राज्याच्या तज्ज्ञांना काय हवं होतं आणि मतदारांना काय हवं होतं, याचा निकाल असा लागला.

बहुतेक राज्यं आता मादीचे टॅग स्वस्त आणि भरपूर ठेवतात. काही शेतकरी स्वतःच अट घालतात, की आधी दोन माद्या, मग नर. फुकट परवानगी देणाऱ्या शेतकऱ्याच्या इतर अटी अगदी साध्या असतात. फाटक जसं होतं तसं ठेवा, ओल्या शेतात गाडी घालू नका, अक्रोडाच्या झाडात खिळा किंवा स्क्रूची पायरी ठोकू नका. काळ्या अक्रोडाचं लाकूड फर्निचरसाठी महाग जातं, आणि करवतीला लोखंड लागलं की ओंडक्याचा भाव कोसळतो. उन्हाळ्यात येऊन कुंपण दुरुस्त करू लागणाऱ्याला परवानगी लवकर मिळते. ऐन कापणीत दार वाजवणाऱ्याला मिळत नाही.

पण ही फुकटची परवानगी कमी होत चालली आहे. मोठ्या शिंगांसाठी प्रसिद्ध असलेल्या भागांत शहरातले लोक अख्खं शेत शिकारीपुरतं भाडेपट्ट्यानं घेतात. शेतकऱ्याला मका-सोयाबीनचा भाव पडला तरी एक बांधलेलं उत्पन्न मिळतं, त्याला दोष देता येणार नाही. मात्र पैसे मोजणाऱ्याला मादी मारण्यात सगळ्यात कमी रस असतो. गावातला जो पोरगा घरच्या फ्रीझरसाठी तीन माद्या घेऊन गेला असता, तो बाहेर राहतो.

पण हे क्रूर नाही का?

प्रश्न रास्त आहे आणि त्याला गुळमुळीत उत्तर देऊ नये. मेरीलँडमधल्या एका नौदल तळावर १९८९ ते २००६ अशी नोंद ठेवली गेली. तिथल्या सरावलेल्या धनुष्यवाल्यांचा बाण लागलेल्या हरणांपैकी सुमारे १८ टक्के हरणं सापडलीच नाहीत. त्यातली काही वाचली असतील, काही कुठेतरी झुडपात मेली असतील. सगळं नियमानं केलं तरी ही चूक उरते.

ती कमी करण्याचा मार्ग म्हणजे संयम. बाण लागल्यावर लगेच मागे धावत नाहीत, निदान अर्धा तास थांबतात, कारण पाठलाग झाला नाही तर जखमी हरीण जवळच बसतं. मग रक्त वाचायचं. गुलाबीसर आणि फेसाळ असेल तर फुप्फुस, गडद असेल तर यकृत, हिरवट घाण दिसली तर बाण पोटात लागलाय. अशा वेळी सहा-आठ तास, कधी रात्रभर थांबतात. हरीण कुंपण ओलांडून शेजाऱ्याच्या शेतात गेलं तर पुन्हा परवानगीचा प्रश्न येतो. त्याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत, म्हणून शेजाऱ्याशी आधीच बोलून ठेवतात.

गाडीखाली येणं, कडाक्याच्या हिवाळ्यात उपाशी मरणं, चिलटांमुळे पसरणाऱ्या रोगानं पाण्याकाठी तडफडणं हे हरणाच्या मरणाचे दुसरे मार्ग. फुप्फुसात लागलेला बाण त्यांच्याहून लवकर सोडवतो, हे खरं. पण म्हणून माणसाला त्यात मजा का वाटावी, याचं उत्तर त्यातून मिळत नाही, आणि ते कोणी आकड्यांनी देऊही नये.

मग लांडगे आणा, नाहीतर नसबंदी करा

विस्कॉन्सिन, मिनेसोटा, मिशिगनच्या उत्तरेकडच्या जंगलांत लांडगे परतले आहेत. मक्याच्या पट्ट्यात, जिथे दर मैलाला रस्ता आणि दर दोन मैलांवर गाई-डुकरांचा गोठा आहे, तिथे त्यांना जागा उरलेली नाही. कोयोटी, म्हणजे तिकडचे कोल्ह्यासारखे प्राणी, पाडसं उचलतात, पण धडधाकट मोठं हरीण क्वचितच.

नसबंदीचा प्रयोग न्यूयॉर्क शहरानं २०१६ पासून स्टेटन आयलंडवर केला. प्रत्येक नराला भुलीचं इंजेक्शन मारायचं, शस्त्रक्रिया करायची, खूण लावून सोडायचं, आणि हे वर्षानुवर्षं. त्यावर लाखो डॉलर गेले. बेटावर निदान बाहेरून नवे नर सहज येत नाहीत. आयोवात शेजारच्या शेतातला एक नर रात्रीतून येऊन सगळ्यावर पाणी फिरवेल.

मांसाचं पुढे काय?

शिकार केलेल्या हरणाचं मांस विकता येत नाही. बाजारासाठी झालेल्या कत्तलीतून शिकलेला हा धडा. एका हरणाचं हाडं काढून साधारण १८ ते २५ किलो मांस निघतं. बरेच जण ते गावातल्या छोट्या खाटिकखान्यात नेऊन खिमा, सॉसेज आणि वाळवलेल्या पट्ट्या करून घेतात. आयोवात २००३ पासून सरकारी कार्यक्रम आहे. शिकाऱ्यानं हरीण ठरलेल्या खाटिकखान्यात दिलं, तर कापणीचा खर्च कार्यक्रमातून होतो आणि खिमा गरजूंसाठी अन्नपेढीला जातो.

सहकाऱ्यानं मांस देऊ केलं आणि तुम्ही खाणारे असाल, तर एक प्रश्न बिनदिक्कत विचारा: तपासणी केली का? क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदू पोखरणारा रोग १९६७ मध्ये कोलोरॅडोत प्रथम दिसला, विस्कॉन्सिनात २००२ मध्ये सापडला, आयोवातल्या रानटी हरणांत २०१३ मध्ये. तो प्रायॉनमुळे, म्हणजे वाकड्या घडीच्या प्रथिनामुळे होतो, आणि शिजवून ते नष्ट होत नाही. माणसाला तो झाल्याचं एकही उदाहरण सिद्ध झालेलं नाही, तरी रोग आढळलेल्या हरणाचं मांस खाऊ नये, असा तिथल्या आरोग्य यंत्रणेचा स्पष्ट सल्ला आहे. बाणाच्या शिकारीचा एक फायदा म्हणजे मांसात गोळीच्या शिशाचे कण नसतात.

आपल्या रोह्यांसाठी आणि रानडुकरांसाठी हे चालेल का?

विदर्भातला तूर-हरभरा रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, साफ केला की हा प्रश्न कोणीतरी विचारतंच. अमेरिकेनं धनुष्यावर वन्यजीव कर बसवला त्याच वर्षी, १९७२ मध्ये, भारतानं वन्यजीव संरक्षण कायदा करून उलटी वाट धरली. आपल्याकडे हौसेची शिकार बंद आहे. पिकाचं नुकसान करणाऱ्या काही प्राण्यांबाबत वन अधिकारी परवानगी देऊ शकतात, आणि केंद्र ठराविक भागात, ठराविक मुदतीसाठी एखादा प्राणी उपद्रवी जाहीर करू शकतं. बिहारात नीलगायींसाठी तसं झालं होतं.

धनुष्याची नक्कल मात्र इथे जमणार नाही, आणि कायदा हे त्याचं एकमेव कारण नाही. आयोवातलं सरासरी शेत साडेतीनशे एकरांच्या आसपास, महाराष्ट्रातलं दीड हेक्टरच्या आत. बाण लागलेला रोही शंभर मीटर पळाला तर चार जणांचे बांध ओलांडेल. व्हाइटटेलची मादी साठेक किलोची, रोह्याचा नर दोनशेच्या पुढे. आयोवाच्या शेतात नोव्हेंबरच्या पहाटे चिटपाखरू नसतं. आपल्याकडे रात्रीची वीज आली, की कोणीतरी मोटर चालू करायला रानात असतंच. शिवाय आपल्याकडे वाघ-बिबटे अजून आहेत आणि रानडुक्कर, रोही हे त्यांचं खाणं आहे. ते कमी केलं की त्यांची नजर गोठ्याकडे वळते.

गंमत म्हणजे हाच रोही दक्षिण टेक्सासात हजारोंनी आहे. १९२० आणि ३० च्या दशकांत तिथल्या किंग रँच नावाच्या गुरं पाळायच्या अवाढव्य मळ्यावर तो मुद्दाम आणून सोडला. आपला चितळही टेक्सासात १९३२ मध्ये पोचला. परदेशी प्राणी असल्यानं व्हाइटटेलचे नियम त्यांना लागू नाहीत. त्यांच्यासाठी हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही, किती मारायचे ते रँचचा मालक ठरवतो, आणि सरकारी तपासणीनंतर त्यांचं मांस हॉटेलांना विकताही येतं.